फोन कपाटात ठेवला तरी धडधड थांबली नाही: सोलापुरातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं प्रकरण

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका फिजिशियननी ही केस माझ्याकडे पाठवली. छातीत धडधड, मानेतून डोक्यात चढणारी ठणक, रात्री झोप नाही, मुलांवर उगाच ओरडणं. तक्रारी साधारण चार महिन्यांच्या. ईसीजी आणि थायरॉइड नॉर्मल होते. हिमोग्लोबिन मात्र ९.६, म्हणजे मध्यम रक्तक्षय, आणि त्यासाठी लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. चिठ्ठीच्या शेवटी एक ओळ होती: ‘मोबाईलचा अतिवापर. समुपदेशन करावे.’

तिचं वय ३६. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहिण्याला तिची संमती आहे. तिला इथे अक्का म्हणते, तिच्याकडे कामाला येणाऱ्या बायकाही तिला तेच म्हणतात. घर शहराच्या पूर्व भागात. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. नवरा टॉवेलच्या कारखान्यात मागावर, पाळी बदलती. सासूचा जन्म विड्या वळण्यात गेला. अक्काला ते करायचं नव्हतं, म्हणून ती लग्नाआधीच शिवण शिकली. आता पुढच्या खोलीत चार मशिन आहेत आणि शाळेच्या गणवेशांचं काम चालतं. कारखान्यातून कटिंग केलेलं कापड आणायचं, शिवून द्यायचं, नगावर पैसे. सोलापुरात शिवलेले गणवेश परराज्यांतही जातात, पण त्या धंद्याचा मोठा भार अशा पुढच्या खोल्यांवर असतो. मार्चपासून शाळा उघडेपर्यंत हंगाम, त्यात चाळिशी ओलांडलेलं ऊन. मुलगी नववीत, मुलगा सहावीत.

पहिल्या भेटीला नवरा बरोबर होता आणि बोलायला त्यानंच सुरुवात केली. “मॅडम, ही जेवताना फोन बघती, मशिनवर फोन बघती, रात्री एक-दीडपर्यंत फोन. मी उठून बघतो तर तोंडावर उजेड.” त्यानं एक उपाय करूनही पाहिला होता. एका रविवारी रात्री फोन काढून घेतला आणि कपाटात कुलपात ठेवला.

पुढचं अक्कानं सांगितलं. “मंगळवारी कारखान्यातून मेसेज आला, कटिंग तयार हाय, घेऊन जावा. मला कळलंच नाही. तीनशे नगांचा माल दुसरीला गेला. बुधवारी पहाटे पाणी येऊन गेलं, एक घागर भरली नाही. तीन दिवस नुसतं धडधड बघा. मग फोन हातात आल्यावर जरा बरं वाटलं, तर हे म्हणतात, बघ, दारुड्यासारखं झालंय तुझं.”

नवऱ्यानं पाहिलं ते खरं होतं. फोन गेला की अस्वस्थता, फोन आला की आराम. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला पटला नाही. फोन कपाटात गेल्यावर तिचं जे नुकसान झालं ते मनातलं नव्हतं, तीनशे नगांचं आणि चार दिवसांच्या पाण्याचं होतं. जिथे घाबरायला खरं कारण आहे तिथे घाबरण्याला फक्त सवय म्हणून चालत नाही.

मोजमाप

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे. ते वर्गीकरण २०२२ पासून लागू आहे. स्मार्टफोनवर अवलंबून राहणं असं स्वतंत्र निदान त्यात नाही. त्यामुळे चिठ्ठीतल्या ओळीला निदान न मानता तक्रार मानलं आणि चार प्रश्नावल्या घेतल्या, मराठीतून वाचून आणि अडलं तिथे मुलीकडून तेलुगूत समजावून. नाजूक प्रश्न आले तेव्हा मुलीला बाहेर बसवलं.

स्मार्टफोन वापराच्या दहा प्रश्नांच्या छोट्या मापनश्रेणीवर तिला ६० पैकी ४५ गुण आले. ही श्रेणी २०१३ मध्ये कोरियातल्या किशोरवयीन मुलामुलींवर तयार झाली. तिथे मुलांसाठी ३१ आणि मुलींसाठी ३३ ही सीमा धरली होती. ४५ हा आकडा त्या हिशेबानं बराच वर आहे. पण प्रश्न कसले आहेत हेही पाहावं लागतं. फोन वापरताना मान किंवा मनगट दुखतं का? तिची मान दिवसाचे दहा तास मशिनवर वाकलेली असते. काही निसटू नये म्हणून सतत फोन तपासता का? तिची रोजी त्या तपासण्यावर चालते. शाळकरी मुलांसाठी घडवलेले प्रश्न शिवणाऱ्या बाईला विचारले की गुण फुगतात. तरी श्रेणी टाकून दिली नाही, कारण तिची स्वतःशीच पुढे तुलना करायला ती उपयोगी होती.

जाणवणाऱ्या ताणाच्या श्रेणीवर ४० पैकी ३०, म्हणजे जास्त ताणाच्या गटात. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्वास्थ्याच्या पाच प्रश्नांवर २५ पैकी ६, शंभरावर नेल्यास २४. तिथे पन्नासच्या खाली गेलं तर नैराश्यासाठी तपासावं असा संकेत आहे. म्हणून नैराश्याची नऊ प्रश्नांची यादी घेतली, तिच्यावर २७ पैकी ११. स्वतःला इजा करण्याच्या विचारांचं उत्तर ‘नाही’ आलं, नवरा खोलीबाहेर असताना तेच पुन्हा विचारलं तेव्हाही तेच आलं. मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून असं ठरलं की औषध लगेच नको, चार आठवड्यांनी पुन्हा मोजू. रात्री-अपरात्री जीव फारच घाबरला तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिला लिहून दिला. २०२२ पासून तो चालू आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येतं, तेलुगूतही.

फोनमधलं डिजिटल वेलबीइंग, म्हणजे वापराचा हिशेब ठेवणारी सोय, उघडलं. रोजचा सरासरी वापर ५ तास ५० मिनिटं, फोन उघडण्याची संख्या १६०च्या आसपास. तासांचा आकडा ऐकून नवऱ्यानं मान हलवली. मला मात्र तासांवर फार विश्वास ठेवावासा वाटत नाही. साडेतीन लाखांहून जास्त किशोरांच्या माहितीवर २०१९ मध्ये झालेल्या एका विश्लेषणात, त्यांच्या स्वास्थ्यातला जेमतेम ०.४ टक्के फरक डिजिटल साधनांच्या वापरानं समजावता आला होता. तो अभ्यास मुलांचा आहे, अक्काचा नाही. पण ‘किती तास’ हा प्रश्न किती तोकडा पडतो ते त्यातून कळतं. मला हवं होतं ते वेगळंच होतं: फोन उचलताना तिच्या मनात नेमकं काय असतं.

वहीतल्या खुणा

नगांचा हिशेब ती वहीत ठेवतेच. त्याच वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखले: काम, वाट, मन. फोन हातात घेतला की एक रेघ. कुणाला उत्तर द्यायचं असेल किंवा पैसे पाठवायचे असतील तर ‘काम’. काही आलं का बघायला घेतला आणि काहीच नव्हतं, तर ‘वाट’. मन रमवायला घेतला तर ‘मन’.

आठवड्यानंतर वही उघडली तेव्हा चित्र बरंच स्पष्ट होतं. दिवसाला साधारण ६५ रेघा. काम १५, मन १०, वाट ४०. फोन स्वतः १६० वेळा उघडल्याचं सांगत होता, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा हात तिच्या नकळत फोनकडे गेला होता. मिनिटं पाहिली तर क्रम उलटा. ‘मन’च्या दहा रेघांनी तीन तास खाल्ले होते आणि ‘वाट’च्या चाळीस रेघांनी मिळून वीस मिनिटंसुद्धा नाहीत. स्क्रीनवरच्या वेळेत ही वीस मिनिटं कुणाच्या डोळ्यांत भरणार नाहीत. ताण मात्र तिथेच होता.

कशाची वाट? एकेक विचारत गेले.

कारखान्याचा सुपरवायझर मेसेज केव्हा टाकेल याला नेम नाही. सकाळी नऊला टाकेल, रात्री साडेअकरालाही टाकेल. जी आधी उत्तर देईल तिला माल. पाण्याचंही तसंच. सोलापूरला उजनीचं पाणी येतं, पण नळाला रोज येत नाही. काही दिवसांआड येतं, प्रत्येक भागाची वेळ वेगळी, आणि कुठे पंप बंद पडला की ठरलेली वेळही हुकते. गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याचा निरोप पडतो. तो ज्या बाईनं पाहिला तिनं पाणी भरलं.

तिसरी गोष्ट ती नवऱ्यासमोर बोलली नव्हती. दोन मशिनसाठी तिनं बायकांच्या गटातून कर्ज घेतलं होतं. आठवड्याला हप्ता. गटातल्या एकीनं भरला नाही तर बाकीच्यांनी वाटून भरायचा. गेले काही महिने एक बाई मागे पडत होती आणि हप्त्याच्या आदल्या रात्री ग्रुपवर कुणी किती घालायचे याची बोलाचाली चाले. त्यात एकदोन बोचरे मेसेज अक्काला उद्देशूनही होते, कारण त्या बाईला गटात तिनंच आणलं होतं. तो ग्रुप ती झोपताना उघडायची, आणि मग झोप जायची.

निरोप ठरलेल्या वेळी येत असता तर मन त्या वेळेपर्यंत मोकळं राहिलं असतं. केव्हाही येऊ शकतो म्हटल्यावर ते सतत पहाऱ्यावर राहतं. उघडून पाहिलं, काही नाही, क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. त्या क्षणभराच्या सुटकेनंच पुढच्या वेळी हात पुन्हा फोनकडे जातो. अनिश्चित वेळी मिळणारं फळ वागणूक सर्वांत चिवट करतं, हे वर्तनाच्या अभ्यासातलं जुनं आणि पक्कं निरीक्षण आहे. इथे फळ म्हणजे तीनशे नगांचं काम, त्यामुळे चिवटपणा आणखी वाढलेला.

रात्रीचा फोन वेगळा होता. साडेअकरा ते दीड रील्स: तेलुगू सिनेमातली गाणी, कांजीवरम साड्या, कुणाचं तरी स्वयंपाकघर. हे का पाहता असं विचारल्यावर ती रडली. “तेवढाच वेळ माझा हाय मॅडम. त्या वेळी कोण मला हाक मारत नाही.” वास्तवात जे मिळत नाही त्याची भरपाई माणसं ऑनलाइन जगात करतात आणि त्यातूनच वापर हाताबाहेर जातो, अशी मांडणी २०१४ पासून संशोधनात आहे. अक्काच्या बाबतीत ती मला तंतोतंत लागू वाटली. दिवसाचा ताण रात्रीच्या रील्सकडे ढकलत होता, रील्स झोप खात होत्या, साडेपाचला उठायचं ते जेमतेम चार तासांच्या झोपेवर, आणि अपुऱ्या झोपेनं दुसऱ्या दिवशीचं पहाऱ्यावरचं मन आणखी बिथरलेलं.

नवऱ्यानं कुठेतरी वाचून फोनचा पडदा रात्री पिवळा करून दिला होता. हेतू चांगला होता. पण झोपेआधी चार तास उजेडाच्या पडद्यावर वाचणाऱ्यांना कागदावर वाचणाऱ्यांपेक्षा झोप यायला सुमारे दहा मिनिटंच जास्त लागली, असं २०१५ च्या एका प्रयोगात आढळलं होतं. दोन तास जागण्यापुढे दहा मिनिटं काहीच नाहीत. तिची झोप उजेडानं जात नव्हती. हप्त्यानं जात होती, आणि दिवसभर न मिळालेल्या मोकळिकीनं.

काय केलं

फोन काढून घ्यायचा नाही, हे पहिल्यांदा नवऱ्याला पटवलं. त्यासाठी एका अभ्यासाचा आधार फार उपयोगी पडला. भारतातल्या २३७ स्मार्टफोनधारकांवर झालेला हा प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना फोनवरच्या सूचना, म्हणजे नोटिफिकेशन, दिवसातून तीनदा एकत्र करून दिल्या, त्यांचं लक्ष आणि मनःस्थिती सुधारली आणि फोन आपल्या ताब्यात आहे असं त्यांना वाटू लागलं. ज्यांच्या सूचना पूर्ण बंद केल्या त्यांना हे फायदे फारसे मिळाले नाहीत, उलट काही निसटतंय ही भीती आणि चिंता वाढली. कपाटातल्या तीन दिवसांत त्यानं जे पाहिलं होतं, ते दुसरं काही नव्हतं. हे ऐकल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला, आणि मग म्हणाला, “मग तीनदा देऊ की.”

सुपरवायझरला सांगायची अक्काला फार भीती होती. माल दुसरीकडे गेला तर? आम्ही व्हॉइस मेसेजचं वाक्य तिच्या तोंडात बसेपर्यंत घोळलं: “दादा, मी मेसेज अकराला, चारला आणि रात्री आठला बघते. अर्जंट असलं तर फोन करत जावा, लगेच उचलते.” तिनं तो माझ्यासमोर पाठवला. उत्तर आलं ते नुसता अंगठा. सगळे ग्रुप गप्प केले, कॉलची रिंग मोठी ठेवली.

पाण्याचा उपाय तिच्या मुलीचा. शेजारची चार घरं आळीपाळीनं ग्रुप पाहतील, ज्या घराची पाळी ते बाकी तिघांना फोन करेल. मला हा साऱ्या योजनेतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो, कारण अक्कासारख्याच आणखी तीन बायकांचा पहारा त्यानं कमी झाला. एकट्या बाईला ‘फोन कमी बघा’ सांगणं सोपं असतं, पण ती ज्या व्यवस्थेत अडकली आहे तिथे हात घातल्याशिवाय ते सांगणं तिच्यावरच ओझं टाकतं.

हप्त्याचं नवऱ्याला सांगायचं तिनं स्वतः ठरवलं. ते बोलणं माझ्या खोलीत झालं आणि सोपं गेलं नाही. कर्ज लपवल्याचा त्याला राग आला, आपण फोन काढून घेतला त्याची लाजही वाटली. शेवटी ठरलं की हप्त्याचे पैसे रविवारीच डब्यात वेगळे ठेवायचे आणि गटाचा ग्रुप काही दिवस त्याच्या फोनवरून पाहायचा.

रील्स बंद केल्या नाहीत, जागा आणि वेळ बदलली. जेवणानंतर मशिन झाकून रात्री नऊ ते पावणेदहा गच्चीवर, मुलगी बरोबर असली तर चालेल, पण त्या वेळात तिला कुणी हाक मारायची नाही. मागचं आवरणं नवरा आणि मुलगा करतील. ही अट तिच्या सासूला सर्वांत जड गेली. रात्री फोन मशिनच्या खोलीत चार्जिंगला, गजरासाठी नवी पेठेतून साधं घड्याळ. दिवसा हात फोनकडे गेला तर हातातली कॉलर पूर्ण करायची, मग बघायचं. एवढ्या दोन-तीन मिनिटांच्या थांबण्यानं काय होणार असं तिला वाटलं होतं. पण बहुतेक वेळा कॉलर पुरी होईपर्यंत ओढ ओसरलेली असायची. मानेसाठी फिजिओथेरपिस्टकडून खुर्चीची उंची आणि काही व्यायाम करून घेतले.

पुढे काय झालं

पहिला आठवडा वाईट गेला. अकरा ते चार या मधल्या वेळात धडधड आधीपेक्षा वाढली. दोनदा तिनं नियम मोडून फोन पाहिला, दोन्ही वेळा काही नव्हतं, आणि हे तिनं वहीत स्वतःहून लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात सुपरवायझरनं एकदा सरळ कॉल केला. “कॉल आला मॅडम, खरंच आला!” या एका कॉलनं माझ्या समजावण्यापेक्षा जास्त काम केलं. फोन उघडण्याची संख्या नव्वदपर्यंत उतरली, झोप सहा तासांच्या जवळ आली.

मग जूनचा दुसरा आठवडा आला. शाळा उघडायच्या तोंडावर कारखान्यानं सगळीकडून माल मागायला सुरुवात केली आणि वेळापत्रक कोलमडलं. संख्या पुन्हा १४० वर. अक्काला वाटलं सगळं पाण्यात गेलं. मी तिला एवढंच विचारलं की रात्री फोन कुठे असतो. मशिनच्या खोलीतच होता. ती घडी मोडली नव्हती.

औषधाचा निर्णय चौथ्या आठवड्यात पुन्हा घेतला. नैराश्याच्या यादीवर ७ गुण आले, म्हणून औषध लागलं नाही. सहाव्या आठवड्यात फोनच्या श्रेणीवर ३३, ताण २१, स्वास्थ्य ४८. आकडे चांगले होते, पण त्यांचं श्रेय योजनेला द्यायला मी तयार नव्हते. तोपर्यंत हंगाम संपला होता. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिनही चढत होतं, आणि रक्तक्षय असताना धडधड आणि थकवा त्यामुळेही असतो. हंगामाबाहेर कुणाचाही ताण उतरतो. म्हणून पुढच्या मे महिन्यात, काम ऐन भरात असताना, तिला परत बोलावलं.

हिमोग्लोबिन ११.४ होतं. फोनची श्रेणी २९, ताण २०, स्वास्थ्य ५६. मशिन चाराच्या पाच झाल्या होत्या, म्हणजे काम आदल्या वर्षीपेक्षा जास्तच होतं. फोन दिवसाला साधारण ऐंशी वेळा उघडला जात होता. रील्स ती अजून पाहते, कधी कधी साडेदहापर्यंत, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. रक्त वाढल्याचा वाटा किती आणि पहारा कमी झाल्याचा किती, हे एका माणसाच्या केसमधून वेगळं काढता येत नाही. पण एवढ्या कामात ताण मध्यम गटात टिकून राहिला, यात पाण्याच्या आळीपाळीचा आणि रविवारच्या डब्याचा हात आहे असं माझं मत आहे.

ज्या बाईचे हप्ते अडत होते तिचं कर्ज अजून फिटलेलं नाही, आणि गटाचा ग्रुप आजही नवऱ्याच्याच फोनवर आहे. कारखान्यात सुपरवायझर बदलला आहे. नवा माणूस रात्री अकरानंतर मेसेज टाकतो. अक्का त्यासाठीच या वेळी आली होती. तेच वाक्य नव्या दादांना पाठवायचं होतं आणि ते नीट जमतंय का हे बघून घ्यायचं होतं. तिनं ते मला ऐकवलं, एक शब्द बदलला, आणि माझ्या खोलीतून बाहेर पडायच्या आधीच पाठवून दिलं.